डबा संपेपर्यंत

बटाट्याचा खरा उपयोग मला हिंगणघाटला गेल्यावर कळला. तोवर मी तो भाजीत घालत होतो.

आणीबाणी लागायच्या महिनाभर आधी मी तिथल्या एका हायस्कुलात सायन्सचा मास्तर म्हणून नेमला गेलो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण माझ्या घरमालकांना तो दिसत असे. "आधी मास्तर आले, मांगून इमर्जन्सी आली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी मूळचा सांगलीकडचा. मे महिना संपतानाचे जे नऊ दिवस विदर्भात नवतपा म्हणून पाळतात, ज्यांत शहाणा माणूस दाराबाहेर पाय ठेवत नाही, त्याच दिवसांत मी वळकटी घेऊन खोली शोधत फिरत होतो. शेवटी एका ओसरीसमोर उभा राहिलो.

आरामखुर्चीत एक साठीचे गृहस्थ बसले होते. धोतर, गंजीफ्रॉक, डोक्यावर काळी टोपी आणि तोंडात पाइप. पाइप विझलेला होता. मांडीवर पत्र्याचा गोल डबा, हातात चाकू, आणि ते अगदी मन लावून बटाट्याची चकती काढत होते. चकती इतकी पातळ निघाली की तिच्यातून पलीकडचं अंगण दिसावं. ती त्यांनी डब्यात अलगद ठेवली, झाकण दाबलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काऊन?" ते म्हणाले. म्हणजे, का आलात?

मी खोलीचं विचारलं. त्यांनी नाव, गाव, जात, पगार काही विचारलं नाही. उठले, माझ्या वळकटीतल्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर रुई ओढली, मुठीत दाबली, गालावर फिरवली.

"गादी कुठं भरली?"

"मिरजेला."

"पानी मारलेली रुई हाये. फसवलं तुमाले." त्यांनी रुई परत कोपऱ्यात खुपसली. "फसनारा मानूस दुसऱ्याले फसवत नाई. या राहाले."

एवढ्या कडक चौकशीतून पार पडून मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो आणि दहा वर्षं तिथून हललो नाही.

गावात त्यांना सगळे बाबूजी म्हणत. पस्तीस वर्षं ते एका जिनात ग्रेडर होते. जिनात कापसातली सरकी काढतात आणि रुईच्या गठाणी बांधतात. कास्तकाराची बंडी, म्हणजे आपली बैलगाडी, फाटकात आली की ग्रेडरने कापसात हात घालायचा आणि माल कसा, किती ओला, ते सांगायचं. ओल्या कापसाचं वजन जास्त भरतं. त्यामुळे वाटेत वेणा नदी लागली की काही बंड्यांमधल्या कापसाला आपोआप तहान लागे. हे पकडायला यंत्र नव्हतं, बाबूजी होते. मुठीत कापूस दाबायचा, उजव्या गालावर फिरवायचा, मग त्यातली एक सरकी दाढेखाली धरायची. कट् वाजली तर माल कोरडा. नाही वाजली तर बाबूजी एकच शब्द बोलत, "रिटर्न." त्यावर अपील नव्हतं.

निवृत्त झाल्यावर बंड्या येणं बंद झालं, पण हात, गाल आणि दात नोकरीवरच राहिले. गहू आला की दाणा दाढेखाली. शेजारणीने वाळत घातलेले पापड जाता जाता चिमटीत. लग्नाची पत्रिका आली तरी आधी कागद गालाला लावत, मग वधूवरांची नावं वाचत. आणि जगातल्या बहुतेक गोष्टींवर त्यांचा एकच शेरा असे, "पानी मारलं हाये." दुधाला पाणी मारलेलं, पुढाऱ्याच्या भाषणाला पाणी मारलेलं, वर्तमानपत्राला तर रोजच. मी एकदा त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, दोन वाक्यांचा माल हाये. बाकी पानी."

त्यांच्या सचोटीची एक गोष्ट गावात अजून सांगत. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सख्ख्या भावाची बंडी एकदा जिनात आली. बाबूजींनी हात घातला, गाल लावला, सरकी चावली. "रिटर्न."

"भाऊजी, मी हावो," मेहुणा म्हणाला.

"तुमी कोरडे हा. कापूस ओला हाये."

मेहुणा तीन वर्षं दारात आला नाही. ही गोष्ट मला खुद्द काकूंनीच सांगितली, चरख्यावरचा हात न थांबवता. "बरोबर केलं यायनं," त्या म्हणाल्या. "पन त्या दिवशी मी यायले बिनमिठाची भाजी वाढली. मुद्दाम."

"मग?"

"खाऊन उठले. एक शब्द बोलले नाई."

काकूंचे वडील सत्याग्रहात दोनदा तुरुंगात गेलेले. काकू स्वतः पेटीचरख्यावर रोज दुपारी सूत काढत, खादीखेरीज काही अंगाला लावत नसत, आणि घरात चहासुद्धा जरा अपराध्यासारखाच होत असे. अशा घरात पाइप आला कसा, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. तर जिनाचा जुना इंग्रज मॅनेजर विलायतेला परत जाताना बाबूजींना स्वतःचा पाइप देऊन गेला होता. लोकांना साहेबाकडून सर्टिफिकेटं मिळाली, यांना व्यसन मिळालं. पुढे नागपूरहून डबे आणून बाबूजींनी ती साहेबी परंपरा एकट्याने चालवली. आमचा जिल्हा तर दारूबंदीचा. बाबूजी म्हणत, सरकारनं एवढी एक धुराची वाट मोकळी ठेवली आहे, तिचा मान राखला पाहिजे.

मी येण्याआधीच्या हिवाळ्यात काकूंचे वडील याच घरात वारले. शेवटचे दोन महिने त्यांना खोकला होता आणि ओसरीवरून पाइपचा धूर आत येत होता. बाबूजी अंगणाच्या टोकाला जाऊन ओढत, पण धुराला कुंपण कळत नाही. तेरावं झालं, पाहुणे बसलेले होते, आणि काकूंनी सगळ्यांसमोर विषय काढला. "बाबा गेले. तुमाले बाबाची शपथ हाये, आता हे सोडा."

बाबूजींनी डबा हातात घेतला. पस्तीस वर्षं सौद्याच्या बाजारात काढलेला माणूस, सौदा केल्याशिवाय कसा राहील? म्हणाले, "हा डबा चालू हाये तो संपू दे. संपला का सोडली. दुसरा डबा मी आननार नाई, कोनाले आनाले सांगनार नाई. तुही शपथ."

पाहुण्यांनी वाहवा केली. डबा फार तर तीन महिन्यांचा होता. काकूंनी डोळे पुसले. बाबूजींनी मात्र त्या दिवसापासून रोजचे सहा पाइप बंद करून एकच सुरू केला, बरोबर चार वाजता. आणि तो डबा संपू नये याची तयारी चालवली.

अडचण एकच होती. पाइपची तंबाखू जरा ओलसर असावी लागते. थंड देशातल्या माणसांनी थंड देशासाठी केलेला माल तो. आमच्याकडे मार्च लागला की तंबाखूचं गवत होई, एप्रिलमध्ये भुसा, आणि मेमध्ये ती पाइपात भरावी की नाकात ओढावी हे ठरवता येत नसे. कोरडी तंबाखू भसकन जळते, जीभ भाजते, आणि मुख्य म्हणजे लवकर संपते. तेव्हा ज्या माणसाने जन्मभर कापसावर पाण्याचा थेंब चालू दिला नाही, तो आता घरात बसून दिवसरात्र तंबाखूला पाणी कसं द्यावं याच चिंतेत असे. हा विरोधाभास मी एकदा त्यांच्या निदर्शनाला आणला. "विकाले नाई देत," ते म्हणाले आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मी त्यांना दोन कारणांनी तज्ज्ञ वाटत होतो. एक तर सायन्सचा मास्तर. दुसरं म्हणजे माझ्या मुलखात तंबाखू शेतात उभी असते. मी स्वतः सुपारीसुद्धा खात नाही हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाच्या वेळी मला ओसरीवर हजर राहावं लागे.

पहिला उपाय इस्त्रीवाल्याचा. परातीत तंबाखू पसरायची, तोंडात पाणी घ्यायचं आणि फुर्र करून फवारा मारायचा. अर्धी तंबाखू भिजली, अर्धा मी. दुसरा उपाय बटाट्याचा, तो मी आल्या दिवशीच पाहिला होता. तो उत्तम, पण चकती दुसऱ्या दिवशी काढावी लागते. बाबूजी एकदा वर्ध्याला पेन्शनच्या कामाला गेले आणि तिथेच चार दिवस राहिले. परत आले तेव्हा डब्यात पांढरी लव उगवली होती. ती त्यांनी काडीकाडीने निवडली, गव्हातले खडे निवडावेत तशी, चष्मा लावून, सबंध दुपार. मग पावाचा तुकडा झाला. मग उकळत्या पाण्यावर चाळणी धरून वाफ. मग कूलरच्या वाळ्याच्या ताटीशेजारी डबा उघडा ठेवणं. त्याने पाइपला वाळ्याच्या सरबताचा वास आला आणि बाबूजींना तो इतका आवडला की आठवडाभर ते स्वतःला नवाब समजत होते. संत्र्याची साल झाली, केळीची साल झाली, ओलं फडकं झालं. शेवटी फुटक्या माठाचं खापर जिंकलं. खापराचा रुपयाएवढा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी पुसायचा आणि डब्यात टाकायचा. खापर बुरशी धरत नाही, वास देत नाही, ओल मात्र हळूहळू सोडतं. सायन्सच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं, पण मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "तुमच्या सायन्सले आता कळलं. कुंभाराले आधीच ठाऊक होतं."

एवढं करूनही डबा तळाला जाणारच होता. पुढच्या वर्षी नवतपातच दोघं एका लग्नाला बाहेरगावी गेली. जाताना झाकण नीट बसलं नव्हतं. आठ दिवसांनी परत येऊन बाबूजींनी डबा उघडला तेव्हा तळाशी बोटभर तपकीर होती. त्यांनी ती गालाला लावली नाही. नुसती पाहिली.

त्यातून फार तर तीन पाइप निघाले असते. तीन पाइप ओढले की शपथ लागू. म्हणून त्यांनी ओढणंच थांबवलं. डबा संपलेला नाही, तेव्हा शपथ मोडलेली नाही, आणि पाइप सोडलेलाही नाही. कायद्यात हे बसत होतं. माणसात बसत नव्हतं. चार वाजता ते रिकामा पाइप तोंडात धरून बसत आणि अंगणाकडे बघत. बोलणं बंद. दूधवाला आला, पातेल्यात दूध ओतलं, आणि बाबूजी काही बोलले नाहीत. दूधवाला इतका घाबरला की दुसऱ्या दिवशी चांगलं दूध घेऊन आला. त्यावरही ते काही बोलले नाहीत. मी मुद्दाम त्यांना बाष्पीभवन पुन्हा समजावलं. ते म्हणाले, "असंन." मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

अशा तीन आठवड्यांनंतर एका दुपारी ते झोपलेले असताना काकू माझ्या दारात आल्या. दारात म्हणजे उंबऱ्याबाहेरच.

"भाऊ, तुमी बोर्डाच्या कामाले नागपूरले जाता ना?"

"जातो, परवाच."

"मंग येताना यायची ते तंबाखू आनजा. डबा नोको, कागदातली मिळते म्हनतात. यायले सांगू नोका."

मी त्यांच्या अंगावरच्या खादीकडे पाहिलं. "काकू, पण ती शपथ?"

"त्यायनं शपथ घेतली का मी आननार नाई, कोनाले सांगनार नाई. त्यायनं कुठं सांगतलं तुमाले? मी सांगून राह्यली." हा मुद्दा त्यांनी बराच विचार करून काढलेला दिसत होता.

"मग सरळ त्यांना सांगा ना, ओढा म्हणून."

"तसं म्हनलं तं मीच मोडली ना शपथ. सगळ्यायसमोर घातली, बाबाच्या नावानं घातली." त्या खाली बघत होत्या. "पन भाऊ, तीन हप्ते झाले. काल मी भाजीत मीठ नाई टाकलं, मुद्दाम, काही तरी बोलतीन म्हनून. खाऊन उठले. पहिले बोलत नव्हते ते अलग होतं. आता त्यायले कळलंच नाई."

नागपुरात मी ते दुकान शोधलं. आयुष्यात पहिल्यांदा तंबाखूच्या दुकानात शिरलेल्या माणसाची जी अवस्था होते ती माझी झाली. मी दोनदा वळून मागे पाहिलं, कारण मुख्याध्यापकांचे मेहुणे नागपूरलाच राहत. पाकीट काकूंना दिलं तेव्हा त्यांनी ते दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर उचलावा तसं, आणि पेटीचरख्यातल्या पेळू ठेवायच्या खणात नेऊन ठेवलं. ज्या खणात वडिलांच्या वेळेपासून फक्त कापसाचे पांढरे पेळू होते, तिथे आता नागपूरचा माल आला.

मग रोजचा क्रम ठरला. एक ते तीन बाबूजी झोपत. त्या वेळात काकू दोन चिमटी तंबाखू डब्यात टाकत, हाताने सारखी करत, ओलं खापर वर ठेवत, झाकण लावत आणि हात राखेने तीनदा धूत. चार वाजता बाबूजी डबा उघडत.

पहिल्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून ओसरीवरच बसलो होतो. त्यांनी डबा उघडला. चिमूट घेतली. बोटांनी चुरली. डोळे मिटून हुंगली. मग ते मोठ्याने, अगदी आतल्या माजघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर! खापरानं काम केलं! तंबाखू फुगून राह्यली!"

आत चरख्याची घरघर थांबली.

"फुगली?" मी म्हणालो.

"ओल भेटली का वाढते. तुमी सायन्सचे ना, बोला, वाढते का नाई?"

मी, बी.एस्सी. सेकंड क्लास, म्हणालो, "वाढते."

आत चरखा पुन्हा सुरू झाला. बाबूजींनी पाइप पेटवला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला त्यांनी फाटकातच अडवलं, आणि आळीत सगळं पूर्ववत झालं.

त्यानंतरची नऊ वर्षं मी जे सहन केलं ते कोणत्याही विज्ञानशिक्षकाच्या वाट्याला येऊ नये. महिना-दोन महिन्यांनी मी नागपूरहून पाकीट आणत होतो, आणि रोज चार वाजता बाबूजी मला ओल लागून तंबाखू कशी वाढते ते सांगत होते. बटाट्याने सव्वापट होते. संत्र्याच्या सालीने दीडपट, पण फक्त आंबिया बहाराच्या. मान डोलावून डोलावून मला मानेचं दुखणं लागलं. एकदा नागपुरात नेहमीचा माल नव्हता, म्हणून मी दुसराच आणला, गोडसर वासाचा, जाड कापलेला. चार वाजता डबा उघडताच ओसरीभर बेकरीचा वास सुटला. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. बाबूजींनी हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, माजघराकडे पाहिलं आणि ओरडले, "काल गुळाचा खडा ठेवला होता, त्याचा गुन!" त्यांनी गुळाचा खडा ठेवलेला मी तरी पाहिला नव्हता. पण मी पुन्हा मान डोलावली.

कळस झाला तो आमच्या शाळेत. मुख्याध्यापकांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांनी बाबूजींना नववीच्या वर्गाला 'ओलावा' या विषयावर बोलायला बोलावलं. बाबूजी पाऊण तास सुंदर बोलले. मुलांना सरकी चावायला दिली, कोरडी कुठली आणि ओली कुठली ते कानाने ओळखायला शिकवलं. मला इतकं चांगलं शिकवता आलेलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मग शेवटी ते म्हणाले, "अन् नीट ओल देली तं वस्तू संपत नाई. आमच्या घरी एक डबा सात सालापासून चालू हाये. विचारा तुमच्या मास्तराले." पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलीने वळून मला विचारलं, "सर, मग वस्तुमानाच्या अक्षय्यतेचं काय?" मी म्हणालो, "हा भाग परीक्षेला नाही."

काकूंचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. त्यांच्या सुताला तंबाखूचा वास येऊ लागला होता. खादी भांडारातल्या माणसाने एकदा सुताची गुंडी नाकाशी नेऊन त्यांच्याकडे पाहिलं. "भाडेकरूच्या खोलीतून येते वास," काकू म्हणाल्या. अशा रीतीने सुपारीसुद्धा न खाणारा मी गावात छुपा ओढणारा म्हणून प्रसिद्ध झालो. माझी एक सोयरीक त्यावरून मोडली. काकूंनी त्याबद्दल माझ्यासाठी शेवयांची खीर केली, आणि मी ती मुकाट्याने खाल्ली.

दहाव्या वर्षी पावसाळ्यात काकू आजारी पडल्या. आजार पोटाचा होता आणि उशिरा कळला. अंथरुणाला खिळेपर्यंत त्या दुपारी उठून डब्याशी जात होत्या. हिवाळा सरताना जाता येईना, आणि मग बाबूजींनीही डबा उघडला नाही. मी नागपूरहून शेवटचं पाकीट आणलं तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही. "आता तुमच्यापाशीच ठेवा," त्या म्हणाल्या. "मी नसली का तुमी टाकत जाजा. दोन चिमटी. जास्त नोको, कळंन त्यायले." आठ दिवसांनी त्या गेल्या.

तेरावं झालं. पाहुणे गेले. बाबूजी चार वाजता ओसरीवर बसत होते, पण डब्याला हात लावत नव्हते. मी ठरवलं होतं की काकूंचं काम पुढे चालवायचं. शब्द दिला होता, आणि त्या माणसाचं ते तीन आठवड्यांचं गप्प बसणं मला पुन्हा बघवणार नव्हतं. आठ दिवसांनी एका दुपारी ते झोपले असताना मी चोरासारखा गेलो, डबा उघडला. तळाशी काकूंनी शेवटची टाकलेली एका पाइपापुरती तंबाखू होती, पार वाळलेली. तिच्यावर मी माझ्या दोन चिमटी टाकल्या, खापर ठेवलं आणि झाकण लावलं. हात राखेने तीनदा धुतले.

चार वाजता त्यांनी मला हाक मारली. डबा उघडला. चिमूट उचलली, मुठीत दाबली आणि उजव्या गालावर फिरवली. दहा वर्षांत त्यांनी तंबाखूला गाल लावलेला मी पाहिला नव्हता. मग एक काडी दाढेखाली धरली.

"रिटर्न," ते म्हणाले.

"काय?"

"तुमी टाकली, मास्तर. ताजा माल हाये, नागपूरचा."

मी खाली बसलो. "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून. ह्या हातानं पस्तीस साल कापूस पाह्यला. मले कळनार नाई का?"

"मग बोलला का नाहीत?"

ते आतल्या माजघराकडे बघत होते. चरख्याची पेटी भिंतीशी बंद करून ठेवलेली होती. "बाबाची शपथ होती तिची. मी कळलं म्हनलो असतो तं तिले थांबा लागलं असतं. म्हनून ओरडून सांगे मी, खापरानं फुगली, बटाट्यानं फुगली. तिले ऐकू जावं म्हनून. मी बोलाले लागलो का चरखा थांबे तिचा. मंग सुरू होये. सुरू झाला का मी पाइप पेटवो. तिलेबी कळलंच असंन, पन बोलाचं नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी मात्र खरंच मान हालवत होते. मले वाटे, हे मास्तर पोरायले काय शिकवत असतीन?"

मला रडू आलं, आणि त्यातच रागही आला. नऊ वर्षं त्या घरात एकच माणूस फसला होता, आणि तो मी.

त्यांनी परातीत डबा उपडा केला. चष्मा लावला. माझी ताजी तंबाखू आणि काकूंची वाळलेली, दोन्ही काडीकाडीने वेगळ्या केल्या, बुरशी निवडली होती तशाच. माझी कागदात बांधून माझ्या हातात दिली. "पस्तीस सालात पानी मारलेली बंडी पास केली नाई. तिच्या भावाचीबी नाई. तिची केली. तुमची कायले करू?"

काकूंची तंबाखू त्यांनी पाइपात भरली. तिला बटाटा लावला नाही, खापर लावलं नाही, वाफ दिली नाही. ती कोरडीठाक होती, भसकन पेटली, जीभ भाजली असणार. दहा मिनिटांत संपली. त्यांनी पाइप ओट्याच्या काठावर आपटून रिकामा केला आणि डबा माझ्यासमोर तिरका धरून तळ दाखवला, फाटकात रिकामी बंडी दाखवतात तसा.

"संपला," ते म्हणाले.

त्यानंतर ते चार वर्षं होते. पाइप त्यांनी पुन्हा तोंडात धरला नाही, दुधाला मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

ते पाकीट आणि ती कागदाची पुडी माझ्या ट्रंकेत अजून आहेत. तंबाखू वाळून तपकीर झाली आहे. तिच्यावरचे सगळे उपाय मला तोंडपाठ आहेत, बटाट्यापासून खापरापर्यंत. पण मी त्यातला एकही करत नाही. तो माल रिटर्न झालेला आहे.